शल्यविशारद रोबो चालवायला कसा शिकतो?



आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत दर वर्षी पावसाळ्यात एक ठरलेली गोष्ट घडते. अकरावीची नवी मुले येतात आणि महिन्याभरात सोनोमीटरच्या दोन-तीन तारा तुटतात. स्क्रूगेज करकचून आवळल्यामुळे एखादे कायमचे बिघडते. एका तरी गॅल्व्हानोमीटरचा काटा टोकाला जोरात आपटून वाकतो. आमचे प्रयोगशाळा सहायक कपाळाला हात लावतात, पण कुणाला फारसे रागावत नाहीत. शिकणाऱ्या हाताकडून वस्तू मोडायच्याच, हे त्यांना ठाऊक आहे. तार तुटली तर कपाटातून दुसरी काढायची. दिवाळीपर्यंत त्याच मुलांचे हात असे बसतात की, तार किती ताणायची हे त्यांना सांगावे लागत नाही.

आता अशी कल्पना करा की शिकणाऱ्याच्या हातात स्क्रूगेज नाही, शस्त्र आहे. समोर सोनोमीटर नाही, जिवंत माणसाचे यकृत आहे. आणि कपाटात दुसरे यकृत नाही. मग त्याने शिकायचे कसे? आणि केल्याशिवाय ते येणार तरी कसे?

हा पेच शल्यचिकित्सेइतकाच जुना आहे. अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. यकृताच्या काही शस्त्रक्रिया आता रोबोच्या साहाय्याने होतात. 'रोबोने ऑपरेशन केले' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि समजतो की, यंत्राला सारे काही येते, डॉक्टरांनी फक्त कळ दाबायची. प्रत्यक्षात हा रोबो स्वतःहून एक टाकाही घालत नाही. माणसाचा हात हलला तरच त्याचा हात हलतो. म्हणून खरा प्रश्न माणसाच्या शिक्षणाचा आहे. ते शिक्षण कसे होते, हे आज आपण पाहू.

निसरडे, मऊ आणि रक्ताने भरलेले

तुमच्यापैकी कुणी मटणाच्या दुकानात कलेजी पाहिली असेल. कलेजी म्हणजे बोकडाचे यकृत. ती हातात घेतली तर निसटते, बोटाने दाबली तर बोट आत रुतते, आणि दोऱ्याने घट्ट बांधायला गेले तर दोराच तिला कापत जातो. माणसाचे यकृतही साधारण असेच असते. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला ते असते.

पण कलेजी आणि जिवंत यकृत यांत एक मोठा फरक आहे. जिवंत यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. थोडे गणित करा. दीड लिटर म्हणजे १५०० मिलिलिटर. त्याला ६० सेकंदांनी भागले की सेकंदाला २५ मिलिलिटर येतात. म्हणजे २०० मिलिलिटरचा पाण्याचा पेला आठ सेकंदांत भरेल! यातले सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून येते, आणि उरलेले यकृत रोहिणीतून. यकृताच्या पोटात या वाहिन्यांच्या फांद्या, पित्तनलिकांच्या फांद्या आणि रक्त परत नेणाऱ्या नीला एकमेकींत गुंतलेल्या असतात. वरून पाहिले तर यातले काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त गुळगुळीत तांबूस-तपकिरी पृष्ठभाग.

या गुंत्याचा नकाशा फ्रान्समधील क्लोद कुइनो या शास्त्रज्ञाने १९५७ साली मांडला. त्याने यकृताचे आठ भाग पाडले. प्रत्येक भागाला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःची पित्तनलिका आहे. त्यामुळे गाठ ज्या भागात असेल तेवढा भाग, संत्र्याच्या फोडीसारखा, वेगळा काढता येतो. मात्र संत्र्याच्या फोडींमध्ये पातळ पडदा असतो, यकृताच्या भागांत तसा दिसणारा पडदा नसतो. हद्द कुठे आहे ते शल्यविशारदाने रक्तवाहिन्यांच्या खुणेने आणि अल्ट्रासाउंडच्या चित्रावरून ओळखायचे असते.

निसर्गाने येथे एक मोठी सवलत दिली आहे. यकृत पुन्हा वाढते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून पाहिला, तेव्हा उरलेला भाग थोड्याच दिवसांत वाढून जवळजवळ मूळ वजनाला पोचला. माणसातही असे होते. कापलेला तुकडा पूर्वीच्या आकारात उगवत नाही, पण उरलेले यकृत फुगून आपले काम भरून काढते. म्हणून तर आई आपल्या मुलाला यकृताचा तुकडा देऊ शकते.

रक्तस्राव आवरण्याची एक युक्ती ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली सांगितली. यकृतात रक्त नेणाऱ्या दोन्ही वाहिन्या एकाच जुडग्यातून आत शिरतात. ते जुडगे काही मिनिटे चिमटीत धरले की नळाची चावी बंद केल्यासारखे होते. आजही ही युक्ती वापरतात. साधारणपणे पंधरा मिनिटे चावी बंद, पाच मिनिटे चालू. पण ही चावी फक्त येणाऱ्या रक्ताची आहे. परत जाणाऱ्या नीलेला भोक पडले तर हृदयाच्या बाजूने रक्त उलटे येते. नवशिक्याला धडकी भरते ती येथे.

तरफेची गंमत

पूर्वी यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी पोटावर लांबलचक छेद घ्यावा लागे. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आल्या. १९८५ साली जर्मनीत एरिख म्युहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले, आणि पुढे १९९० नंतर यकृताचे लहान तुकडेही अशा रीतीने काढले जाऊ लागले. पोटाला चार-पाच छोटी भोके पाडायची, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवायचे, एका भोकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे घालायची. कार्बन डायऑक्साइडच का? कारण तो जळत नाही, आणि चुकून रक्तात शिरला तरी पटकन विरघळतो.

हे काम किती अवघड असते याचा अनुभव घरीच घ्या. बुटांचा रिकामा खोका आणा. त्याच्या झाकणाला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. त्यातून विणकामाची लांब सुई आत घाला. खोक्याची एक बाजू कापून समोर आरसा ठेवा आणि आरशात पाहत सुईच्या टोकाने आत ठेवलेल्या वाटाण्याला स्पर्श करा. हात उजवीकडे नेलात की टोक डावीकडे जाते! हात वर गेला की टोक खाली. शाळेत शिकलेली ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. झाकणाचे भोक हा टेकू. (आरसा स्वतःचा गोंधळ वेगळा घालतो, तो वेगळा मोजा!)

आता सुईचा १० सेंटीमीटर भाग बाहेर आणि २० सेंटीमीटर भाग आत असेल, तर हात १ सेंटीमीटर हलला की टोक २ सेंटीमीटर हलते. म्हणजे हाताचा कंपही दुप्पट होतो. सर्वांचेच हात थोडे थरथरतात, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. शिवाय सुई आणखी आत ढकलली की हे गुणोत्तर बदलते. तरफ तीच, पण तिचे गणित क्षणोक्षणी वेगळे. भर म्हणून या सरळ दांड्याला मनगट नसते. वर-खाली, डावी-उजवी, आत-बाहेर आणि स्वतःभोवती फिरणे, एवढ्या चारच हालचाली होतात. चिमटा उघडणे-मिटणे ही पाचवी. अशा हत्याराने यकृताच्या मागच्या बाजूला टाका घालणे म्हणजे हाताला फळी बांधून सुईत दोरा ओवण्यासारखे आहे.

कन्सोलवर बसलेला माणूस

रोबो या अडचणी सोडवतो. 'दा विंची' नावाच्या यंत्राला अमेरिकेत २००० साली शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. इटलीच्या ज्युलियानोत्ती यांनी २००३ साली आपल्या रोबो-शस्त्रक्रियांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात यकृताच्या शस्त्रक्रियाही होत्या. आज असे काम करणारी इतर कंपन्यांची यंत्रेही आहेत, त्यांत भारतात तयार झालेले एक आहे.

यंत्राचे तीन भाग असतात. रुग्णाजवळ उभा असतो तो चार हातांचा सांगाडा. काही फुटांवर शल्यविशारदाची बैठक, तिला कन्सोल म्हणतात. तिसरा भाग चित्रे आणि वीजपुरवठा सांभाळणारी गाडी. शल्यविशारद कन्सोलवर बसतो आणि दोन भिंगांतून पाहतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळाल्यामुळे त्याला खोली कळते, जशी आपल्याला दोन डोळ्यांनी कळते. त्याची बोटे दोन कड्यांत अडकवलेली असतात. तो बोट हलवतो, संगणक ती हालचाल मोजतो आणि मोटारी रुग्णाच्या पोटातली हत्यारे तशीच हलवतात.

येथे तरफ आपली खोडी करू शकत नाही. हात उजवीकडे गेला की संगणक टोक उजवीकडेच नेतो. हाताचे ३ सेंटीमीटर म्हणजे टोकाचा १ सेंटीमीटर, असे प्रमाणही ठरवता येते. सेकंदाला दहा वेळा होणारा कंप आणि मुद्दाम केलेली संथ हालचाल यांच्या वारंवारता वेगळ्या असल्यामुळे कंप गाळून टाकता येतो. आणि हत्याराच्या टोकाशी बारीक तारांनी ओढले जाणारे छोटेसे मनगट असते. त्यामुळे चिमट्याच्या उघडमिटीसह एकूण सात हालचाली मिळतात.

मग अडचण उरली कोठे?

हरवलेला स्पर्श

माझा एक जुना विद्यार्थी आता शल्यविशारद झाला आहे. मागे एकदा त्याने मला सिम्युलेटरवर बसवले. सिम्युलेटर म्हणजे कन्सोलसारखेच यंत्र, फक्त त्याला जोडलेला रुग्ण खरा नसून संगणकाने रंगवलेला असतो. मला वाटले, वीस वर्षे स्पेक्ट्रोमीटर जुळवणारा माझा हात, मला काय अवघड! काम सोपे होते: सुई दोन रिंगांतून ओवायची आणि दोऱ्याची गाठ मारायची. मी गाठ ओढली आणि दोरा तुटला. पुन्हा ओढली, पुन्हा तुटला.

"सर, तुम्ही जोर जास्त लावताय."

"अरे, पण जोर लागतोय हे मला कळतंय कुठे?"

"तेच तर, सर. हाताला विचारू नका. दोऱ्याकडे बघा."

मी दोऱ्याकडे पाहू लागलो. सैल दोरा थोडा वाकलेला असतो. ताण येतो तसा तो सरळ होतो. आणखी ताणला की ज्या कापडातून तो गेला आहे ते कापड वर उचलले जाते. येथे थांबायचे. मी थांबलो, आणि गाठ बसली.

घरी येताना माझ्या लक्षात आले की ही तर तानकाट्याची गोष्ट आहे. तानकाट्याला आपण वजन लावतो तेव्हा बल किती आहे हे हाताने ठरवत नाही. स्प्रिंग किती लांबली हे डोळ्यांनी पाहतो आणि त्यावरून बल सांगतो. हूकचा नियम तुम्हाला माहीत आहे: ताण जितका, तितकी लांबी वाढते. रोबो चालवणाऱ्याला रुग्णाच्या पोटातल्या प्रत्येक वस्तूचा तानकाटा करावा लागतो. यकृत चिमट्याखाली किती दबले, त्याचा रंग दाबाखाली पांढुरका पडला का, शीर ओढली जाऊन अरुंद झाली का, यावरून त्याने बल 'वाचायचे'. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या दा विंचीत बल जाणवून देणारी काही हत्यारे आहेत. पण जगातली बहुसंख्य यंत्रे तशी नाहीत, आणि यकृतासारख्या मऊ अवयवात पाहून ओळखण्याची सवय सुटून चालणारही नाही. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. शेकडो वेळा दोरा तुटावा लागतो. तो कोठे तुटावा, हा प्रश्न आहे.

काकडीपासून सिम्युलेटरपर्यंत

आपल्याकडे या प्रश्नाचा फार पूर्वी विचार झाला होता. सुश्रुतसंहितेत 'योग्या' म्हणजे सराव या विषयावर एक स्वतंत्र अध्याय आहे. शिष्याने सारे शास्त्र पाठ केले तरी सरावाशिवाय तो कामाला योग्य होत नाही, असे त्यात बजावले आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. शिवण्याचा सराव कापडावर आणि मऊ कातड्यावर करावा. पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा, असे ते सांगते. चूक होणारच, तर ती काकडीवर होऊ द्या, हे यामागचे तत्त्व.

सिम्युलेटर हे त्याच तत्त्वाचे नवे रूप आहे. त्यात वाकड्या तारेवरून कडी न टेकवता न्यायची असते, खुंट्यांवर वळी चढवायची असतात, सुई ठरलेल्या ठिपक्यातून घालून ठरलेल्या ठिपक्यातून काढायची असते. काकडी न करणारी एक गोष्ट मात्र तो करतो: तो गुण देतो. किती वेळ लागला, हत्याराच्या टोकाने एकूण किती सेंटीमीटर प्रवास केला, वस्तू किती वेळा पडली, हत्यारे एकमेकांवर किती वेळा आपटली, जोर मर्यादेबाहेर किती वेळा गेला, हत्यार नजरेबाहेर असताना किती वेळा हलवले, याची सारी नोंद होते. मला किती गुण मिळाले ते विचारू नका!

पण पडद्यावरचा खेळ खरोखर उपयोगी पडतो का? शास्त्रात असा प्रश्न प्रयोगानेच सोडवावा लागतो. २००२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात तो केला गेला. सोळा शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाला सिम्युलेटरवर सराव दिला, दुसऱ्याला नेहमीचे शिक्षण दिले. मग सर्वांनी दुर्बिणीतून पित्ताशय सोडवण्याचे काम केले आणि कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी चित्रफिती तपासल्या. सराव केलेला गट २९ टक्के अधिक वेगवान ठरला. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट अधिक दिसली. हा प्रयोग रोबोचा नव्हता आणि यकृताचाही नव्हता, पण पडद्यावरचा सराव खऱ्या पोटात कामी येतो हे त्याने दाखवून दिले.

पाच पायऱ्या

यकृत, स्वादुपिंड आणि पित्तनलिका यांच्या रोबो-शस्त्रक्रियांचे शिक्षण पद्धतशीर बांधणाऱ्यांत अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र अग्रेसर आहे. यकृतरोपणाचे प्रणेते थॉमस स्टार्झल १९८१ साली याच गावी आले, त्यामुळे यकृताशी या गावाचे नाते जुने आहे. तेथील शिक्षणक्रमाच्या पाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सिम्युलेटर. येथे 'इतके तास बसा' असा नियम नाही. ठरलेली पातळी गाठेपर्यंत तोच धडा पुन्हा करायचा. कुणाला पाच वेळा लागतील, कुणाला पन्नास. आपल्या परीक्षेत ३५ गुण मिळाले की पुढच्या वर्गात जाता येते. येथे अर्धवट येणारा पुढे जात नाही.

दुसरी पायरी कृत्रिम ऊतकाची. खऱ्या आतड्यासारखी आणि पित्तनलिकेसारखी लागणारी नकली ऊतके खऱ्या रोबोने शिवायची. पित्तनलिका काही मिलिमीटर रुंदीची, आणि दोरा साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा. तुमच्या स्क्रूगेजने मोजावा इतका. टाका सैल राहिला तर पित्त गळेल, घट्ट झाला तर ऊतक फाटेल. प्रत्येक प्रयत्नाचे चित्रीकरण होते आणि त्याला गुण दिले जातात.

तिसरी पायरी चित्रफितींची. रोबोचा एक फायदा असा की शल्यविशारद जे पाहतो ते सारे नोंदवून ठेवता येते. शिकणारा जाणकारांच्या शस्त्रक्रिया पुनःपुन्हा पाहतो, थांबवून पाहतो, येथे डावा चिमटा का सरकला ते विचारतो.

चौथी पायरी प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहातली, गुरूच्या नजरेखाली. पाचवी पायरी शिकून झाल्यावरही चालू राहणाऱ्या तपासणीची.

दोन ब्रेकची मोटार

चौथ्या पायरीवर थोडे थांबू, कारण येथे प्रथमच खरा रुग्ण येतो.

शिकणारा आधी कन्सोलवर बसतच नाही. तो रुग्णाशेजारी उभा राहतो, हत्यारे बदलतो, रक्त शोषून घेतो, टाचण्या लावतो. रुग्णाजवळ उभ्या असणाऱ्या माणसाला काय दिसते आणि त्याला किती वेळ लागतो, हे कळल्याशिवाय कन्सोलवर बसणाऱ्याने हुकूम सोडू नयेत, हा त्यातला हेतू.

मग येतो जोड-कन्सोल. तुम्ही मोटार शिकवणाऱ्या शाळेची गाडी पाहिली असेल. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. तसे येथे दोन कन्सोल असतात, आणि हत्यारांचा ताबा क्षणात एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. संपूर्ण शस्त्रक्रिया एकदम शिष्याच्या हाती जात नाही. ती तुकड्यांत विभागलेली असते: यकृत धरून ठेवणारे बंध सोडवणे, पित्ताशय काढणे, रक्तवाहिन्या मोकळ्या करणे, यकृत कापणे, शेवटी मोठी नीला बंद करणे. शिष्य सोप्या तुकड्यापासून सुरुवात करतो, आणि तो पक्का झाल्यावर पुढचा.

रुग्णही निवडून घ्यावे लागतात. २०१४ साली जपानमधील शल्यविशारदांनी दुर्बिणीतून होणाऱ्या यकृत-शस्त्रक्रियांसाठी अवघडपणाचे गुण ठरवले. गाठ कोठे आहे, केवढी आहे, मोठ्या रक्तवाहिनीला किती जवळ आहे, यकृताचा किती भाग काढायचा आहे आणि यकृताचे काम कसे चालले आहे, या पाच गोष्टींवरून ते काढतात. नवशिक्याने समोरच्या, डाव्या कडेच्या लहान तुकड्यापासून आरंभ करायचा. मागचा-उजवा, बरगड्यांखाली दडलेला भाग नंतर.

आणि रक्तस्राव सुरू झाला तर? त्याचीही तालीम असते. नवशिक्याची पहिली ऊर्मी रक्ताच्या डोहात आंधळेपणाने चिमटा घालण्याची असते, आणि त्यानेच भोक मोठे होते. शिकवले जाते ते उलट: आधी कापडाची घडी दाबून धरा, थांबा, सहकाऱ्यांना मोठ्याने सांगा, रक्त शोषून घ्या, जागा दिसली की मगच टाका. येथे पदार्थविज्ञानाचीही मदत असते. पोटात भरलेल्या वायूचा दाब साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो; तो नीलेतून येणाऱ्या रक्ताला बाहेरून रोखतो. भूलतज्ज्ञ नीलेतला दाब कमी ठेवतो. पण तो फारच कमी झाला तर वायूच भोकातून आत शिरेल! म्हणून शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांचे बोलणे अखंड चालू हवे. इतके करूनही रक्त थांबले नाही, तर रोबो बाजूला करून पोट उघडायचे. रोबोचे हात कुणी सोडवायचे, मोठा छेद घेण्याची हत्यारे कोठे ठेवलेली असतात, याची रंगीत तालीम रिकाम्या खोलीत, घड्याळ लावून होते. पोट उघडावे लागणे हा पराभव नव्हे, हेही शिक्षणातच शिकवावे लागते. कारण अहंकाराने घालवलेली दोन मिनिटे महागात पडतात.

शिकणे मोजायचे कसे?

'आता तुला आले' हे ठरवायचे कोणी? पूर्वी गुरूचे मत हेच प्रमाण होते. आता मोजमापे आहेत. रोबो-शस्त्रक्रियेसाठी २०१२ साली तयार झालेल्या एका पद्धतीत सहा गोष्टींना प्रत्येकी पाचपैकी गुण देतात: खोलीची जाण, दोन्ही हातांचा मेळ, हालचालीतली काटकसर, बलाची जाण, स्वावलंबन आणि यंत्रावरचा ताबा. एकूण गुण ३०.

दुसरी पद्धत कारखान्यांतून आली आहे. मालाच्या दर्जावर लक्ष ठेवण्यासाठी ई. एस. पेज या संख्याशास्त्रज्ञाने १९५४ साली ती मांडली. तिचे तत्त्व तुम्हाला सहज समजेल. समजा, एका शस्त्रक्रियेला सरासरी ३०० मिनिटे लागतात. शिकणाऱ्याला ओळीने ३८०, ३५०, ३३०, ३०० आणि २८० मिनिटे लागली. सरासरीशी फरक +८०, +५०, +३०, ० आणि –२०. आता हे फरक मिळवत जा: ८०, १३०, १६०, १६०, १४०. आलेख काढलात तर तो आधी चढतो, मग सपाट होतो, मग उतरू लागतो. शिखर जेथे, तेथे शिकण्याने वळण घेतले.

तैवानमधील डॉक्टरांनी रोबोने केलेल्या ९२ मोठ्या यकृत-शस्त्रक्रियांचा असा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांना तीन टप्पे दिसले: पहिल्या १५, पुढच्या २५ आणि नंतरच्या ५२. हे आकडे सगळ्यांना लागू पडतील असे नाही. शिवाय केवळ वेळ मोजून भागत नाही. हात बसला की माणूस अधिक अवघड कामे घेतो, आणि वेळ पुन्हा वाढतो.

पण कौशल्याच्या या गुणांचा रुग्णाशी खरेच संबंध आहे का? अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील वीस शल्यविशारदांनी आपापल्या एका शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली आणि इतर शल्यविशारदांनी, कर्ता कोण हे न कळता, तिला गुण दिले. शस्त्रक्रिया वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी होती. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथ्या हिश्श्यातील शल्यविशारदांच्या १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, सर्वांत अधिक गुण मिळालेल्यांच्या ५.२ टक्के रुग्णांना. सर्वांजवळ पदव्या होत्या. फरक हातात होता.

पहिला रुग्ण

वरच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. 'पहिल्या १५' ही तेथे एक संख्या आहे. ते पंधराही कुणाचे तरी वडील होते, कुणाची तरी आई होती. कितीही सिम्युलेटर आणले तरी कोणत्याही शल्यविशारदाच्या आयुष्यात पहिला रुग्ण येणारच. तो टाळता येत नाही. पण त्या रुग्णापर्यंत पोचण्याआधी किती दोरे तुटून झालेले असावेत, हे मात्र ठरवता येते. शेजारच्या कन्सोलवर गुरू बसलेला असावा की नाही, हेही ठरवता येते. आणि 'डॉक्टर, तुम्ही ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे?' हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे. चांगला शल्यविशारद त्याने रागावत नाही.

हे सर्वांत कसाला लागते ते यकृतदात्याच्या बाबतीत. दाता ठणठणीत असतो. केवळ आपल्या माणसासाठी तो टेबलावर झोपतो. आपल्या देशात कोचीच्या अमृता रुग्णालयासारख्या ठिकाणी दात्याच्या यकृताचा भाग रोबोच्या साहाय्याने काढला जातो. ही शस्त्रक्रिया शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर आहे. खालच्या पायऱ्या गाळून तेथे उडी मारण्याची मुभा कुणालाच नाही.

तुमच्यापैकी कुणाला पुढे शल्यविशारद व्हावेसे वाटत असेल, तर आजच एक प्रयोग करा. केळ्याची साल घ्या, तिला एक उभा छेद द्या आणि शिवणाच्या सुईदोऱ्याने तो शिवा. शिवताना बोटांनी सालीला हात लावायचा नाही; भुवया कोरण्याचे दोन चिमटे वापरायचे. साल फाटेल. दोऱ्याकडे पाहा, सालीची कड किती उचलली जाते ते पाहा, आणि पुन्हा शिवा. केळी स्वस्त आहेत. आणि हो, नंतर ती साल खतात टाका, आईच्या नव्या रुमालावर ठेवू नका. तिचा डाग जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.